टर्कीचा गुरुवार आणि मार्गशीर्षातला गुरुवार

मिशिगनहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. सगळं इथे देत बसत नाही, मुद्दा तेवढा सांगते. सासू-सासरे लातूरकडचे, सासरे शेतकरी, २०२५ च्या हिवाळ्यात पहिल्यांदाच अमेरिकेत आले. मुलांना घरी टर्की हवी होती, सगळ्या वर्गाच्या घरी असते म्हणून, आणि थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अमेरिकेतल्या आभाराच्या सणाचा, तो दिवस नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. हॉलमध्ये सासूबाईंनी घट मांडलेला, पोथी वाचायला घेतलेली, आणि किचनमध्ये ओव्हनमध्ये टर्की. "कोणी कोणाला काही बोललं नाही हो, पण दिवसभर घरात कोणी धड बोललंच नाही," असं ताई लिहितात. त्यातच धाकटा शाळेतून 'मी कशासाठी आभारी आहे' असा कागद रंगवून घेऊन आला आणि त्यावर पहिलं नाव आयपॅडचं, त्याचं सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, फार लागलं. पुढे ख्रिसमस ट्रीवरून कुरबुर झाली ती वेगळीच. आता या वर्षी आई-अण्णा परत येतायत, तर काय करू?

ताई, पहिली गोष्ट म्हणजे यात तुमचं काही चुकलेलं नाही, कॅलेंडरने तुम्हाला गाठलं. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, तो कायद्यानेच १९४१ पासून पक्का आहे, हलत नाही. आपला मार्गशीर्ष मात्र पुढे-मागे सरकतो. २०२५ मध्ये २६ नोव्हेंबरला चंपाषष्ठी आणि २७ ला थँक्सगिव्हिंग, म्हणजे खंडोबाचं भरीत-रोडगे, लक्ष्मीचा घट आणि टर्की असं सगळं दोन दिवसांत तुमच्या अंगावर आलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे मार्गशीर्ष डिसेंबरातच सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंग कार्तिकात पडतं. म्हणजे या वर्षी हा पेच मुळात नाहीच! पण पुढे कधीतरी परत येणार, आणि ज्यांच्या घरी अख्खा मार्गशीर्ष पाळतात त्यांना तर मार्गशीर्ष नोव्हेंबरात आला की बघावंच लागतं, म्हणून एकदाच काय ते ठरवून ठेवा.

असा गुरुवार आला की घरात टर्की नको, एवढं मी सरळ सांगेन. कारण त्या दिवशी त्या घरात एक बाई उपाशी आहे आणि तिच्यासमोर दिवसभर मांस भाजायचं हे बरं दिसत नाही, व्रतावर तुमचा विश्वास असो नसो. टर्की शनिवारी करा ना, सुट्टी असतेच. किंवा नवरा आणि मुलं मित्राकडे जाऊन खाऊन येतील, त्यात आईंनाही वाईट वाटायचं कारण नाही, त्यांना त्यांच्या घटासमोर नको असतं एवढंच. आणि खरं सांगू का, आपल्यातल्या बऱ्याच मुलांना टर्की आवडतच नाही, एक घास खाऊन मॅक अँड चीजकडे वळतात, त्यांना हवा असतो तो थाट, मोठं टेबल, मेणबत्त्या आणि उशिरापर्यंत जागायची परवानगी.

तो थाट मात्र पुरेपूर करा, आणि वेळ तेवढी बदला. अमेरिकन लोक हे जेवण दुपारी तीन-चारला घेतात. गुरुवारचा उपास सुटतो संध्याकाळी, पूजा-नैवेद्य झाल्यावर. नोव्हेंबरअखेर मिशिगनमध्ये पाच वाजता अंधार पडतो! म्हणजे साडेपाचला आरती आणि सहाला सगळे टेबलावर, आईंचा उपास सुटतोय आणि तुमचं थँक्सगिव्हिंग डिनर लागतंय, एकाच पानावर. दुपारी चारला त्यांना एकटीला साबुदाणा देऊन बाकीच्यांनी जेवायचं यापेक्षा हे किती सोपंय.

आता साबुदाण्यावरून आठवलं, हे मुलांना नक्की सांगा. आपल्या उपासाच्या ताटात काय असतं? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळं, हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची, सगळ्यांचं मूळ अमेरिका खंडातलं! कोलंबसनंतर पोर्तुगीज वगैरे लोकांच्या जहाजांतून फिरत फिरत आपल्याकडे आलं आणि बघता बघता आपल्या उपासाला चालायला लागलं. म्हणजे थँक्सगिव्हिंगला साबुदाण्याची खिचडी केलीत तर ती इथल्याच मातीतल्या लोकांनी पिकवलेल्या पिकांची आहे, आणि टेबलावर ती कोपऱ्यात नाही, मधोमध ठेवायची. रताळ्यावर मार्शमेलो घालून भाजायची इथली पद्धत आहे, मला ती कधीच झेपली नाही, त्याऐवजी तूप-जिऱ्याची फोडणी देऊन रताळ्याचा कीस करा, उपासालाही चालतो.

उपास सुटल्यावरच्या पानात लाल भोपळ्याचे घारगे हवेतच. ते कॅनमधल्या भोपळ्याचे होतात, पण त्यात पाणी फार असतं, तेव्हा आधी कढईत गुळाबरोबर चांगला आटवून घ्या, गोळा कडेने सुटायला लागला की गॅस बंद, गार झाल्यावर त्यात मावेल तेवढीच कणीक, थोडं तांदळाचं पीठ, मीठ, वेलदोडा. वरून पाणी अजिबात घालायचं नाही. आणि क्रॅनबेरीचं लोणचं. नोव्हेंबरात प्रत्येक दुकानात १२ औंसाच्या पिशव्या असतात त्यातली एक आणा, फळं धुऊन अगदी कोरडी पुसा, अर्धी अर्धी चिरा, मोहरीची डाळ, तिखट, हळद, मीठ, थोडी मेथीपूड, गूळ, आणि हिंग-मोहरीची फोडणी पूर्ण गार करून वर ओता. दोन दिवसांत रस सुटतो. आंबटपणा आवळ्याच्या जवळचा, रंग असा की आई पहिल्यांदा बघतील तेव्हा विचारतील हे केलंस कशाचं. थोडं लोणचं, चार घारगे डब्यात घालून शेजारी द्या, धाकट्याच्या हातून.

अण्णांबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पत्रात तुम्ही सगळ्यात कमी त्यांच्याबद्दल लिहिलंय. आयुष्यभर शेतात राबलेला माणूस मिशिगनच्या डिसेंबरात खिडकीशी बसून बर्फ बघतो, गाडी चालवता येत नाही, बाहेर पाय टाकला तर घसरायची भीती, दिवसभर फोनवर गावाकडचे व्हिडिओ. त्यांना आयपॅडचं लागलं ते आयपॅडमुळे नाही हो. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते, वेळ अमावास्या. त्या दिवशी गावं रिकामी होतात, सगळे शेतात. कडब्याची खोप करतात, आत पांडव मांडून पूजा करतात, रानात आंबील शिंपडतात, आणि मग भज्जी (ओल्या दाण्यांची नि पालेभाज्यांची मिसळ भाजी), उंडे, आंबील, खीर. ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना हाका मारून जेवायला बसवतात, ज्यांना शेत नाही त्यांनाही कोणाच्या तरी शेतात पान असतंच. जिल्ह्यात सुट्टी असते त्या दिवशी. ज्या जमिनीने दिलं तिचे आभार मानायचा यापेक्षा मोठा सण कुठला? तुमच्या घरात तो जाणणारा माणूस बसलाय आणि मुलं थँक्सगिव्हिंग यूट्यूबवरून शिकतायत.

तर येळवस करा. पुढची अमावास्या जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात येते, तेव्हा शाळा सुरू झालेली असेल, मग आधीच्या शनिवार-रविवारी करा, घरच्या घरी आहे, चालतं. खोप गराजमध्ये होते, कडब्याऐवजी हॅलोवीनला दारात लावायला मक्याची वाळलेली ताटं मिळतात ती ऑक्टोबरातच एक मोळी आणून ठेवा. भज्जीसाठी ओली तूर, पावटा, मटार, हरभरा इंडियन स्टोअरच्या फ्रीझरमध्ये मिळतात. तूर शोधताना 'तुवर लिलवा' असं बघा, पाकिटावर गुजराती नाव असतं. शेंगदाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, चिंच, बेसन, लसूण-मिरची, बाकी अण्णांना विचारा, आणि विचारताना मुलांना शेजारी बसवा. आंबिलीचं ज्वारीचं पीठ रात्री भिजवायचं ते इथल्या थंडीत काउंटरवर आंबणार नाही, ओव्हन बंद ठेवून फक्त आतला लाइट लावा आणि भांडं त्यात ठेवा.

इथल्या मूळ लोकांची शेती पण अण्णांच्या ओळखीची निघेल. मका, घेवडा आणि भोपळा एकाच ठिकाणी लावायचे, घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं खाली पसरून ओल धरतात, तण दाबतात. अण्णांनी ज्वारीत तूर लावलीच असणार, त्यांना दोन वाक्यांत कळेल आणि ते नातवाला अर्धा तास समजावतील. थँक्सगिव्हिंगची सुरुवात मानतात ते सुगीचं जेवण १६२१ मध्ये प्लिमथला, इंग्लंडहून आलेल्या पिलग्रिम वसाहतवाल्यांच्या गावी झालं, त्यात तिथले मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकही होते, मका कसा लावायचा हे वसाहतवाल्यांना तिथल्याच मूळ रहिवाशांनी शिकवलेलं. पुढे त्यांचं काय झालं हेही मुलांना सांगा. १९७० पासून मूळ रहिवासी त्याच गावात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शोक पाळतात. दहा वर्षांच्या मुलाला हे झेपतं, आणि 'पिलग्रिम आले, जेवले, छान झालं' एवढंच सांगण्यापेक्षा बरं.

आयपॅडवर येऊ. मूल आठ-नऊ वर्षांचं, शाळेने पाच मिनिटांत लिहायला सांगितलं, त्याने जे आवडतं ते लिहिलं, एवढं मनावर घ्यायचं नाही. पण टेबलाभोवती एकेकाने उभं राहून 'मी आभारी आहे' म्हणायचं हे आपल्या घरांत नाटकी होतं, मोठी माणसं अवघडतात, आई तर पदराने डोळे पुसतील नाहीतर उठून किचनमध्ये जातील. त्याऐवजी कामाला लावा. थँक्सगिव्हिंगच्या सकाळी साडेआठ-नऊला गावी फोन, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सात-साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात, त्यामुळे फरक साडेदहा तासांचा होतो, बरेच जण तिथे चुकतात आणि आत्याला झोपेतून उठवतात. फोन मुलानेच लावायचा, आत्याने पाठवलेला स्वेटर अंगात घालून. पलीकडच्या म्हाताऱ्या आजींचा ड्राइव्हवे अण्णांच्या देखरेखीखाली मुलांनी साफ करायचा. पोस्टमनला डिसेंबरात काही द्यायचं असेल तर रोख पैसे नाही चालत, त्यांना एका वेळी २० डॉलरपर्यंतचीच वस्तू घेता येते, चिवड्याचा डबा आणि मुलाने रंगवलेलं कार्ड छान. गरजूंना धान्य देणाऱ्या फूड पँट्रीला द्यायचं तर एक्स्पायरी झालेले डबे नकोत, आणि पैसे दिलेत तर त्यांना सगळ्यात सोयीचं.

ट्रीचं मी फार बोलत नाही. मुलांना हवंय, लावा. अण्णांना वाटतंय नातवंडं ख्रिश्चन व्हायला लागली, तर त्यांना सांगा की नाताळ मराठी माणसाला परका कधी नव्हता, वसईत, नगरकडे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या घरांत तो साजरा होतो, रेव्हरंड टिळक आपलेच, आणि गोव्यात नाताळच्या नेवऱ्या-दोदोलचं ताट शेजारच्या हिंदू घरात जातं आणि चतुर्थीला उलटं येतं. फक्त ट्रीखाली गिफ्टांचा डोंगर नको, आजी-आजोबांसमोर तर मुळीच नको, एक-दोन पुरे. आणि कृपा करून त्या ट्रीला 'आपलं दिवाळीचं झाड' वगैरे म्हणू नका, नाताळ तो नाताळ.

संक्रांत तुम्ही स्वतःच निस्तराल, हळदीकुंकवाचं पत्रात इतकं छान वर्णन केलंय की मला सांगण्यासारखं उरलं नाही. जानेवारीचा तिसरा सोमवार सुट्टीचा असतो, मार्टिन लूथर किंग डे, तो लाँग वीकेंड आताच मैत्रिणींना सांगून ठेवा, रथसप्तमीपर्यंत मुभा आहेच. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. शाळेत तिळगूळ पाठवायच्या आधी टीचरला विचारा, शेंगदाण्याचं सगळ्यांना माहीत असतं पण तीळही २०२३ पासून अमेरिकेत मुख्य अ‍ॅलर्जनच्या यादीत नववा आहे, वर्गात एखाद्या मुलाला त्रास असू शकतो. हलव्याच्या आतही बहुतेकदा तीळच असतो, तेव्हा 'हा साखरेचाच आहे' म्हणून पाठवू नका, पेन्सिली पाठवा. आणि जावेच्या बाळाचं बोरन्हाण तुमच्याकडे आहे ना, तर खाली पडलेलं गोळा करायला चार वर्षांखालची पोरं धावतात, त्यांच्या तोंडात अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न, शेंगदाणे जाऊ नयेत, बारीक चुरमुरे आणि लांबडी चिरलेली स्ट्रॉबेरी चालेल. बोरं आईंना तिकडून बॅगेत आणायला सांगू नका, ताजी फळं कस्टमवाले काढून घेतात, आणि आपणहून सांगितली नसतील तर दंड वेगळा.