पंचनामे संपल्यावरचं काम

प्रिय,

आपत्ती-पुनर्वसनावर संशोधन करणाऱ्या केंद्रात काम करायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून बरं वाटलं. मुंबईत देवनारला असलेल्या टिसमधलं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) जमशेटजी टाटा स्कूल ऑफ डिझास्टर स्टडीज ही निवडही चांगली. एम.ए.ला प्रवेश कसा घ्यायचा, सीयूईटी-पीजी या प्रवेश परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, हे तू शोधशीलच. पण तुझ्या पत्रात बोटी आणि हेलिकॉप्टरच फार आहेत. ओढ त्याचीच असेल, तर तिथे तुझा जीव रमणार नाही. पुनर्वसनाचा अभ्यास सुरू होतो तो पंचनामे संपून पुढाऱ्यांच्या गाड्या परतल्यावर, आणि चालतो वर्षानुवर्षं.

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंपच घे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३.५६. विसर्जन उरकून लोक नुकते झोपलेले. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. भूकंपापेक्षा घरांनीच माणसं मारली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली. ज्याची जेवढी जमीन तसं त्याचं घर : २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फूट. एवढं कुठल्याही अहवालात मिळेल. आता तशा एखाद्या गावात जाऊन २५० फुटांच्या घराभोवती एक चक्कर मार. पुढे पत्रा ओढलेला, मागे न्हाणी काढलेली, कडेला दावण. सरकारी घर शोधावं लागतं! लोकांनी आपलं पुनर्वसन आपणच पुढे रेटलंय, आणि अभ्यास करायचा तो याचाच.

"घर आवडलं का?" असं विचारलंस, तर "बरंय की" म्हणतील आणि चहा टाकतील. "पहिल्या वर्षी ज्वारी कुठं ठेवली?" असं विचार. मग कणगी कुठे मावली नाही इथपासून सुनेचं बाळंतपण कुठल्या कोपऱ्यात झालं इथपर्यंत ऐकायला मिळेल.

कागदही वाचायला शीक. ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरांच्या कर-आकारणीची नोंदवही) आणि लाभार्थ्यांची यादी शेजारी शेजारी ठेवली, की कळतं : घर थोरल्याच्या नावावर, राहणारे तिघे भाऊ, आणि विधवा भावजयीचं नाव कुठेच नाही. हे काम कंटाळवाणं आहे, म्हणून ते फारसं कुणी करत नाही. तू कर.

एक प्रश्न तुला दारोदार विचारला जाईल : "यातनं काय मिळणार हाय का?" उत्तर "नाही" असंच द्यायचं. "बघू", "वर कळवतो" असलं काही बोलायचं नाही. आधीच्या "बघू"वर ती माणसं अजून थांबलेली असतात. बोलायची इच्छा नसेल तर वही मिटून उठायचं. मेलेल्यांची चौकशी आपण होऊन तर कधीच करायची नाही.

प्राध्यापकांना लिहिताना "मला समाजासाठी काहीतरी करायचंय" हे वाक्य काढून टाक. ते प्रत्येक अर्जात असतं. त्यांचा एखादा निबंध वाच, त्यातला न पटलेला मुद्दा नेमका मांड, आणि मुलाखती उतरवून द्यायची तयारी दाखव. मराठवाडी बोलीतलं तासाभराचं ध्वनिमुद्रण नीट उतरवणारं माणूस सहज मिळत नाही. तुला तर ती बोली घरचीच.

अर्ज इंग्रजीत करायच्या आधी मराठीत दोन पानं लिहून मला पाठव. कुठलं गाव निवडलंस आणि तेच का, एवढं त्यात असू दे.

तुझा,
काका