हळदीतला रेणू आणि ८ मायक्रोमोलर

प्रश्न : सांगलीच्या बाजारातल्या राजापुरी हळदीतून कुरकुमिन काढलं. ॲसिटिक ॲसिडमध्ये हायड्रॅझिन हायड्रेटबरोबर तापवून त्याचं पायरॅझोल (दोन नायट्रोजन असलेली कडी) केलं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर ४८ तासांच्या एमटीटी चाचणीत (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी) आयसी-५०, म्हणजे परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा, आला ८ मायक्रोमोलर. कॅन्सरवरचं औषध म्हणून आता पुढे काय करू?
– एमएस्सीचा विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर : पुढे जाण्याआधी जरा मागे या. हा ८ तुमच्याच रेणूचा आहे का, ते आधी पक्कं करा.

हळदीतून एकटं कुरकुमिन कधी निघत नाही. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल ९५:५ घेऊन टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी) चालवा, एकाखाली एक तीन पिवळे ठिपके दिसतील. वरचा कुरकुमिनचा, खालचे दोन डिमिथॉक्सी आणि बिसडिमिथॉक्सी या त्याच्या भावंडांचे. कॉलममधून हे तीन वेगळे न करता पुढे गेला असाल, तर बाटलीत तीन पायरॅझोलची खिचडी आहे. शिवाय हायड्रॅझिन स्वतःच विषारी. ते धुऊन काढा, पदार्थाचं पुन्हा स्फटिकीकरण करा आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय पेशींना हात लावू नका.

पायरॅझोल करण्याची कल्पना मात्र चांगली आहे. नुसतं कुरकुमिन ७.२ पीएचच्या बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के मोडून जातं. डायकिटोनची, म्हणजे रेणूच्या मधल्या दोन कार्बन-ऑक्सिजन जोड्यांची, ती नाजूक जागा तुम्ही बंद केलीत.

आता चाचणी. एमटीटी मेलेल्या पेशी मोजत नाही. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला तो रंग वाचतो. तुमच्या रेणूत फिनॉल (कडीवरचे ओएच गट) शाबूत आहेत, ते पेशींशिवायही एमटीटीचं क्षपण करू शकतात, म्हणजे तोच जांभळा रंग आणू शकतात. तसं झालं तर मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून नुसतं माध्यम आणि रेणू असलेले, पेशी नसलेले खळगे (चाचणीच्या प्लेटमधले छोटे कप्पे) प्रत्येक प्लेटवर हवेतच. एमटीटी घालण्याआधी जुनं माध्यम काढून टाका.

रेणू विरघळवणारं डीएमएसओ ०.५ टक्क्यांच्या वर नको, आणि तेवढंच कंट्रोलमध्येही, म्हणजे रेणू न घातलेल्या तुलनेच्या खळग्यांतही, हवं. १० मिलिमोलरचा साठा २०० पट पातळ केला की ५० मायक्रोमोलर होतो आणि डीएमएसओ नेमकं ०.५ टक्के. त्या खळग्यात मायक्रोस्कोपखाली पेशींवर सुया पडलेल्या दिसल्या, तर रेणू विरघळलेलाच नाही, तो आकडा सोडून द्या. कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं. तिथे पेशी न घेता बफर भरा.

हे सगळं होऊनही आकडा टिकला, तर एमसीएफ-१०ए या कॅन्सर नसलेल्या स्तनपेशींवर हीच मात्रा द्या, शेजारी तुलनेला डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध ठेवा. त्याही १० मायक्रोमोलरला मरत असतील, तर हाती विष आहे, औषध नाही. त्या तगल्या, तर नमुना खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्राकडे एसआरबी चाचणीसाठी पाठवण्याचं बघा. ती पेशींतलं प्रथिन रंगवते, तिथे फिनॉलची ही लुडबूड चालत नाही.