जपानच्या बालवाड्या बघायला निघालेल्या नव्या बाईंना

अगं, कुंदा नेऊ नको. दुधाचा जिन्नस, विमानतळावर अडवला तर पंचाईत. त्यापेक्षा सावंतवाडीची लाकडी भातुकली ने. भाषा येत नसली तरी मुलं लगेच खेळायला बसतात.

जपानमध्ये पहिली बालवाडी टोकियोत 1876 साली सुरू झाली, त्यामुळे तिथल्या सवयी मुरलेल्या आहेत. दारातच बूट काढून आतले वेगळे बूट घालतात. मोजे स्वच्छ आणि न फाटलेले ठेव. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही, मुलांचा तर नाहीच.

तू बघायचंस ते बाईंकडे. भिंतीवरची चित्रं नंतर बघ. दोन मुलं भांडली की तिथल्या बाई बहुधा लगेच मध्ये पडत नाहीत, थांबतात. आपण खानापूर-निपाणीकडे किती घाईनं ओरडतो! हे मला फार लागलं होतं. डब्याआधी सगळी हात जोडून ‘इतादाकिमासु’ (हे अन्न नम्रपणे घेतो) म्हणतात, तेव्हा आपला जेवणाआधीचा श्लोक तू जरूर म्हणून दाखव.

आणि भाषेची भीती सोड. घरी मराठी, रस्त्यावर कन्नड बोलणारी पोरं तू रोज सांभाळतेस. न कळणाऱ्या भाषेत रडणारं लेकरू कसं शांत करायचं, ते तुला येतं. तेच तिथल्या बाईंना सांग.