वाचकांचे प्रश्न : डॉक्टर, जनरल आणि गव्हर्नर लेनर्ड वूड

प्रश्न : लेनर्ड वूड अमेरिकी लष्करात डॉक्टर म्हणून लागले आणि लष्करप्रमुख होऊन बसले. लष्करी डॉक्टरला फौजेवर हुकूम चालवता येत नाही ना? मग हे जमलं कसं?

उत्तर : नाहीच येत. वैद्यकीय खात्यातल्या अधिकाऱ्याला कॅप्टनचा हुद्दा मिळे, पण लढाऊ तुकडीची कमान मिळत नसे. वूड यांनी हे कुंपण दोनदा ओलांडलं. 1884 मध्ये हार्वर्डमधून एम. डी. झाल्यावर ते कंत्राटी सर्जन म्हणून ॲरिझोनातल्या फोर्ट हुआचुकाला गेले. 1886 मध्ये अपाची पुढारी जेरोनिमोच्या पाठलागात त्यांनी खलिते घेऊन एका रात्रीत 70 मैल मजल मारली आणि दुसऱ्या दिवशी 30 मैल पायी तोडले. पायदळाच्या एका तुकडीला अधिकारी उरला नव्हता; ती स्वतः मागून घेतली आणि काही आठवडे चालवली. याबद्दल मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, तेही 12 वर्षांनी, एप्रिल 1898 मध्ये. तोवर ते वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्किन्ली यांचे डॉक्टर होते आणि थिओडोर रूझवेल्ट यांचे जिगरी दोस्त.

दुसरी संधी स्पेनविरुद्धच्या युद्धाने दिली. युद्धापुरत्या उभारलेल्या स्वयंसेवक पलटणींतले हुद्दे कायम सैन्यातल्या हुद्द्यांपासून वेगळे असत. ‘रफ रायडर्स’ या घोडदळाची कमान रूझवेल्टना देऊ केली होती. त्यांनी वूडना कर्नल करायला लावलं आणि स्वतः दुय्यम जागा घेतली. कायम नोकरीत कॅप्टन असलेला हा सर्जन 1898 च्या मे महिन्यात कर्नल, जुलैत ब्रिगेडियर जनरल आणि डिसेंबरात मेजर जनरल झाला. हे सगळं तात्पुरतं होतं. खरी उडी फेब्रुवारी 1901 ची. मॅक्किन्लींनी त्यांना कायम सैन्यात ब्रिगेडियर जनरल केलं तेव्हा शेकडो ज्येष्ठ अधिकारी मागे पडले, आणि ते जळफळले यात नवल नाही. मेजर जनरलच्या बढतीवर तर सिनेटमध्ये चौकशी झाली. मंजुरी मार्च 1904 मध्ये मिळाली. 1910 ते 1914 ते लष्करप्रमुख होते. गंमत अशी, की त्या काळात त्यांचा कट्टर विरोधक असलेला ॲडज्युटंट जनरल (लष्करी कागदपत्रांचा प्रमुख) फ्रेड एन्सवर्थ हाही मुळात डॉक्टरच. कागदपत्रांच्या कारभारावरून दोघांचं जुंपलं आणि 1912 मध्ये एन्सवर्थ निवृत्त झाला.

प्रश्न : क्यूबाचे गव्हर्नर असताना वूड यांनी हवाना शहर झाडून-पुसून लख्ख केलं, म्हणून पीतज्वर (यलो फीवर) गेला, असं एका लेखात होतं. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, आणि ही चूक फार ठिकाणी आढळते. झाडलोट झाली हे खरं. 1898 च्या जुलैत क्यूबातल्या सँतियागो शहराचा ताबा मिळाल्यावर वूड यांनी प्रेतं जाळली, गटारं उपसली, अन्नवाटप सुरू केलं. हवानातही लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांच्या देखरेखीखाली तसंच काम चाललं. आमांश, विषमज्वर अशा आजारांना याने आळा बसतो. पीतज्वराला बसला नाही. उलट 1900 मध्ये त्याने हवानात 310 बळी घेतले. कारण साधं होतं. स्पेनहून हजारो नवे लोक येत होते, त्यांना हा ताप आधी झालेला नव्हता, आणि रोग पसरवणारा डास घाणीत नाही, घरातल्या स्वच्छ साठवणीच्या पाण्यात वाढतो.

डासाची गोष्ट क्यूबाचे डॉक्टर कार्लोस फिनले 1881 पासून सांगत होते. त्यांचे प्रयोग फसत, कारण मधली मुदत ठाऊक नव्हती. डासाने रुग्णाला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतच चावायला हवं, आणि मग साधारण 12 दिवस गेल्याशिवाय त्याचा दंश रोग देत नाही. अमेरिकी लष्कराने पीतज्वराच्या संशोधनासाठी नेमलेल्या मेजर वॉल्टर रीड यांच्या मंडळाने हे पक्कं केलं. त्यातले डॉ. जेसी लाझीर सप्टेंबर 1900 मध्ये पीतज्वरानेच गेले. वूड यांचा खरा वाटा इथे आहे. रीड यांनी पैसे मागताच त्यांनी 10,000 डॉलर द्यायचं कबूल केलं आणि माणसांवर प्रयोग करायला परवानगी दिली. अट एकच, संमती. स्पॅनिश स्वयंसेवकांशी लेखी करार झाले : 100 डॉलर सोन्यात, आजारी पडल्यास आणखी 100. आजच्या कसोटीला हा मोबदला आमिषच ठरेल, पण लेखी संमती त्या काळात दुर्मीळ होती.

प्रयोगांसाठीच्या तळावर, कँप लाझीरमध्ये, दोन खोपट्या बांधल्या. एकीत रुग्णांच्या ओकारीने, घामाने माखलेल्या अंथरुणांवर माणसं 20 रात्री झोपली. एकही आजारी पडला नाही. दुसरी स्वच्छ, मधोमध तारेची जाळी, एका बाजूला बाधित डास. त्या बाजूला गेलेल्या जॉन मोरानला नाताळच्या दिवशी ताप चढला. जाळीपलीकडचे धडधाकट राहिले. कपड्यांमुळे संसर्ग होतो हा समज तिथेच निकालात निघाला.

मग 1901 च्या सुरुवातीपासून गॉर्गसनी पद्धत बदलली. रुग्ण कळला की त्याची खोली जाळीने बंद. आजूबाजूच्या घरांच्या फटी कागदाने चिकटवायच्या आणि दर हजार घनफुटांना एक पौंड या हिशेबाने पायरेथ्रम (फुलांपासून केलेली कीटकनाशक) पूड जाळायची. या धुराने डास मरत नाहीत, फक्त गुंगतात. म्हणून दारं उघडल्यावर लगेच झाडून जाळून टाकायचे. ते राहिलं तर सगळी मेहनत वाया. शहराचे विभाग पाडून निरीक्षक घरोघर फिरत. पिंप, टाकी, हौद यांना झाकण किंवा जाळी. अळ्या सापडल्या तर दंड. जिथे पाणी काढता येत नाही तिथे रॉकेल. 15 चौरस फूट पृष्ठभागाला एक औंस, म्हणजे सुमारे 30 मिलिलिटर, पुरतं. तवंग अखंड हवा, नाहीतर अळ्या मोकळ्या जागेतून श्वास घेतात. पावसाने आणि वाऱ्याने तवंग तुटतो, म्हणून पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. 1901 मध्ये बळी 18 वर आले. त्या सप्टेंबरनंतर हवानात रुग्ण निघाला नाही आणि 1902 मध्ये एकही मृत्यू नव्हता.

घरात शिरून माणसाचं पिंप ओतून देणं लष्करी राजवटीलाच इतक्या झटपट जमतं, हेही विसरू नये.

प्रश्न : बुद दाजोच्या हत्याकांडाचे आदेश वूड यांचे होते का?

उत्तर : जबाबदारी त्यांचीच. 1903 ते 1906 ते फिलिपिन्सच्या दक्षिणेकडल्या मोरो प्रांताचे गव्हर्नर होते. गुलामगिरीबंदी आणि डोईपट्टी यांवरून मुस्लिम मोरोंमध्ये खदखद होती. जोलो बेटावर शेकडो कुटुंबं बुद दाजो या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात जाऊन राहिली. मार्च 1906 मध्ये कर्नल डंकन यांच्या तुकड्यांनी तोफा डोंगरावर चढवून हल्ला केला. मृतांचे अंदाज 600 पासून 1,000 पर्यंत आहेत. त्यांत बायका-मुलं होती. अमेरिकी मृत विसाच्या आसपास. तेव्हा राष्ट्राध्यक्ष असलेल्या रूझवेल्टनी अभिनंदनाची तार केली, तर मार्क ट्वेन यांनी झोडपून काढलं. लढाई म्हणावी असा हा आकडा नाही.

प्रश्न : 1923 मध्ये मनिलात सगळ्या मंत्र्यांनी एकदम राजीनामे का दिले?

उत्तर : वूड 1921 पासून फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल होते. रे कॉनली नावाच्या अमेरिकी पोलीस गुप्तहेराला त्यांनी पुन्हा कामावर घेतलं, एवढंच निमित्त. मूळ भांडण कारभार कोणाचा, हे होतं. 17 जुलैला मॅन्युएल केझॉन, सर्जियो ओस्मेन्या हे फिलिपिनो नेते आणि मंत्री बाहेर पडले. वूड नमले नाहीत.

प्रश्न : वूड डाव्या पायाने लंगडत. ही जुनी जखम होती का?

उत्तर : जखम नव्हे, गाठ. मेंदूच्या आवरणातून उगवणारी, उजव्या बाजूला, मधल्या रेषेलगत. डाव्या पायाचं नियंत्रण नेमकं तिथेच असतं, म्हणून झटके पायातून सुरू होत आणि पुढे पाय लुळा पडत गेला. सँतियागोत टांगत्या दिव्यावर डोकं आपटलं होतं, त्याला लोक दोष देत. पण माराने अशी गाठ होते असं सिद्ध झालेलं नाही. 1910 मध्ये मेंदूचे शल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी ती दोन टप्प्यांत काढली. अशा गाठीचा थोडा अंश राहिला तरी ती परत वाढते, तशी वाढली. ऑगस्ट 1927 मध्ये बोस्टनला कुशिंग यांनीच पुन्हा शस्त्रक्रिया केली. मेंदूतल्या पोकळ्यांत रक्तस्राव झाला आणि 7 ऑगस्टला वूड गेले. वय 66.

प्रश्न : मिझुरीतला फोर्ट लेनर्ड वूड यांच्याच नावाचा का?

उत्तर : हो. नाव 1941 मध्ये दिलं.