एन्झाइम लव खातं, तंतू नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या प्रोसेसमध्ये होजिअरीचं कापड बायोपॉलिश करतो (एन्झाइमने वरची लव काढतो). कापड एकदम मऊ येतं. म्हणजे कापसाच्या तंतूची आतली रचनाच बदलते का? – एक वाचक, इचलकरंजी

फारशी नाही, आणि तेच बरं आहे. कापूस म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, ग्लुकोजचे हजारो मणी ओवलेल्या माळा. काही ठिकाणी या माळा इतक्या घट्ट बसलेल्या असतात की मध्ये पाणीसुद्धा शिरत नाही. हा स्फटिकी भाग. अधेमधे त्या सैल, विस्कटलेल्या असतात. सेल्युलेज हे एन्झाइम म्हणजे प्रथिन, माळेच्या मानाने अंगाने चांगलंच थोराड. घट्ट भागाच्या आत त्याला शिरकाव नाही. ते वरवर बसतं आणि सैल जागा गाठून माळ तोडतं.

त्यातही तिघांची टोळी असते. एक माळ मध्येच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मणी काढत जातं, तिसरं त्या जोड्या सुट्या करतं. सुतातून बाहेर आलेली लव बारीक आणि उघडी, म्हणून आधी तीच कमजोर होते. पण गळते ती मशीनच्या घुसळणीने. एक तुकडा एन्झाइमच्या पाण्यात नुसता भिजत ठेवा, दुसरा जेटमध्ये, म्हणजे कापड घुसळणाऱ्या मशीनमध्ये, फिरवा आणि दोन्ही भिंगाखाली धरा. पहिल्यावर लव बरीचशी तशीच दिसेल, दुसऱ्यावर सूत न सूत मोजता येईल. तुम्हाला जाणवतो तो मऊपणा इथला.

आतली रचना खरी बदलते ती मर्सरायझिंगमध्ये. कॉस्टिक सोड्याच्या कडक द्रावणाने तंतू फुगतो, चपट्याचा गोल होतो आणि स्फटिकाची ठेवणच पालटते.

प्रश्न : टॉवेलला एन्झाइम दिल्यापासून वजन भरत नाही, लूपही तुटतात. डोस कमी करू का? – सोलापूर

डोसआधी घड्याळ बघा. वजनात 3 ते 5 टक्के घट गृहीतच धरायची. त्यापुढे गेलात की ताकद जाते. टॉवेलच्या लूपचं सूत कमी पिळाचं, त्यामुळे एन्झाइम आतपर्यंत पोचतं आणि नुकसान लवकर दिसतं. ॲसिड सेल्युलेज पीएच 4.5 ते 5.5 आणि 50-55 अंशांवर झपाट्याने काम करतं. न्यूट्रल जातीचं पीएच 6-7 ला चालतं. वेळ जास्त घेतं, पण कापडाला सोसतं. टॉवेलला मी तेच देईन.

मुख्य म्हणजे ते थांबवायचं असतं, आपोआप थांबत नाही. उमेदवारीच्या काळात एका प्रोसेस हाऊसमध्ये मी लॉट काढला, एन्झाइम न मारता ट्रॉलीत ठेवला आणि जेवायला गेलो. ओलं, कोमट कापड; आत एन्झाइमची पंगत चालूच. दुसऱ्या दिवशी अंगठ्याने दाबलं तरी भोक पडत होतं. तेव्हापासून वेळ झाली की सोडा ॲश टाकून पीएच 10 किंवा 80 अंशांवर 10 मिनिटं, त्याशिवाय मशीनचं झाकण उघडत नाही.

आणि वजन नेहमी सारख्याच दमटपणात करा. कापूस हवेतली ओल धरतो. मे महिन्यातला तुकडा आणि ऑगस्टमधला तुकडा यांची तुलना करून एन्झाइमला दोष देऊ नका.

प्रश्न : हे एन्झाइम पहिल्यांदा सापडलं कुठे? – टेक्स्टाइल डिप्लोमाचा विद्यार्थी

सेल्युलेज बुरश्यांत आणि जिवाणूंत सगळीकडे आहे. पण उद्योगाला आधार झालेली बुरशी दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर मिळाली, कुजत चाललेल्या अमेरिकी सैन्याच्या सुती कॅनव्हासवर. सैन्याला कुजणं थांबवायचं होतं! पुढे तिच्यावर काम करणारे संशोधक एल्विन रीझ यांच्या नावावरून तिला ट्रायकोडर्मा रीझी म्हणू लागले.

प्रश्न : कपड्यांच्या पावडरीत एन्झाइम असतं. सुती कुर्ते विरतील का? आणि पैठणी? – एक गृहिणी, पुणे

सेल्युलेजवाली पावडर जपानमध्ये 1987 साली काओ कंपनीच्या ‘अटॅक’ने रूढ केली. धुण्याच्या पाण्यात ते फार पातळ असतं, कुर्त्याला भ्यायचं कारण नाही. उलट लव जाऊन रंग उजळ दिसतो. पॉलिस्टरवर मात्र ते काहीच करत नाही, त्यामुळे मिश्र कापडावरचे पॉलिस्टरचे गोळे तसेच राहतात.

पैठणी रेशमाची, म्हणजे प्रथिनाची. सेल्युलेज तिला ओळखतही नाही. पण त्याच पावडरीत बहुधा प्रोटिएजही असतं, आणि त्याचं खाणंच प्रथिन. पैठणी त्या बादलीत बुडवू नका.