मुलं इतिहासाचे व्हिडिओ आवडीने बघतात पण लक्षात काहीच राहत नाही, शिकवताना व्हिडिओ नेमके कसे वापरावेत?

तुम्ही लिहिलंय की आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवता, वर्गात टीव्ही आहे, व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप होतो आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर कुणालाच काही सांगता येत नाही. मी सोलापूर जिल्ह्यात हेच विषय शिकवतो आणि सुरुवातीला दोन-तीन वर्षं माझंही अगदी असंच व्हायचं. चाळीस मिनिटांचा तास, त्यात पस्तीस मिनिटांचा व्हिडिओ, शेवटी "समजलं का रे?" आणि सगळ्यांचं "हो सर". मग एकदा चाचणीत एका मुलाने दांडी यात्रेच्या उत्तरात गांधीजींच्या तोंडी एक अख्खं वाक्य घातलं, अवतरणचिन्हं वगैरे देऊन, पुस्तकात ते कुठेच नव्हतं, शोधलं तर निघालं मी दाखवलेल्या व्हिडिओतल्या नटाचा डायलॉग. त्या पोराला काय बोलणार, दाखवलं मीच होतं. त्या दिवसापासून पूर्ण व्हिडिओ लावणं मी बंद केलं.

आता मी काय करतो ते एका पाठावरूनच सांगतो म्हणजे नीट कळेल. आठवीचा सविनय कायदेभंगाचा पाठ घ्या. दांडी यात्रेची त्या काळची खरी फिल्म यूट्यूबवर मिळते, त्यातला फक्त दीड मिनिटाचा तुकडा घेतो आणि पहिल्यांदा आवाज बंद करून लावतो. कारण निवेदक बोलायला लागला की मुलं बघायचं सोडून नुसतं ऐकत बसतात, आणि त्या मागच्या संगीताने कुठे भारावून जायचं तेही आधीच ठरवून टाकलेलं असतं. आवाज नसला की डोळे कामाला लागतात. एकच प्रश्न फळ्यावर लिहितो, "काय दिसलं ते लिहा, काय वाटलं ते नको." मग परत लावतो, मधेच थांबवतो. काठी दिसली, टोप्या दिसल्या, रस्त्याच्या कडेला गर्दी दिसली. एका मुलीने विचारलं, "सर, हे सगळे पळतायत का?" मला हा प्रश्न इतका आवडला की उरलेला तास त्यावरच गेला. तेव्हाचे बरेच कॅमेरे हाताने फिरवायचे, सेकंदाला आजच्यापेक्षा कमी चित्रं घेतली जायची, आणि तीच फिल्म आता चोवीसच्या वेगाने चालवली की माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. तसे गांधीजी चालायचेही भरभर, पण इतके नाही. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं सुद्धा तपासावं लागतं, हे पोरांना मी न सांगता कळलं.

मग वह्या काढायच्या. १२ मार्च १९३० ला साबरमतीहून ७८ निवडक सोबती घेऊन निघाले, ५ एप्रिलला दांडीला पोचले, ६ ला मीठ उचललं, अंतर साधारण ३८५ किलोमीटर. भागाकार मुलंच करतात, रोजचे सोळा किलोमीटर येतात, म्हणजे आमच्या गावाहून तालुक्याला चालत जायचं आणि दुसऱ्या दिवशी उठून परत तेवढंच, असे चोवीस दिवस, आणि चालणाऱ्या माणसाचं वय साठ. हे गणित केलेलं मूल दांडी यात्रा विसरत नाही, माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशी १९८२ च्या 'गांधी' सिनेमातला धारासण्याचा, म्हणजे तिथल्या मिठाच्या सत्याग्रहात पोलिसांनी लाठ्या चालवल्या तो, प्रसंग दाखवतो, दोनच मिनिटं, आणि विचारतो की कालचं आणि आजचं यात खरं चित्रण कुठलं आणि कशावरून. पहिलं उत्तर हमखास येतं, "काळंपांढरं ते खरं". मग त्यांना सांगावं लागतं की आता जुन्या फिल्मवर कॉम्प्युटरने रंग चढवून टाकतात, ते रंग कुणीतरी नंतर भरलेले असतात, आणि आजचा व्हिडिओ काळापांढरा करायला तर मोबाईलवर एक बटण पुरतं. मग नीट विचार सुरू होतो. एकजण म्हणाला, "कालचा कॅमेरा लांब उभा होता, आजचा लोकांच्या तोंडाजवळ आहे, लाठी बसताना एवढ्या जवळ कोण उभं राहू देईल?" मी वीस मिनिटं बोललो असतो तरी मला हे इतकं नेमकं सांगता आलं नसतं. सिनेमा वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, सत्याग्रही रांगेने पुढे जातात आणि मार खातात ते बघून वर्ग गप्प होतो आणि ते व्हायलाच पाहिजे, फक्त हे नंतर उभं केलेलं दृश्य आहे हे मुलाला माहीत असायला हवं.

आणि मग आपल्या गावाकडे या. आमच्याकडे सोयीचं आहे, मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी दिली. पोरांना म्हटलं हा व्हिडिओ तुम्ही बनवा, दोन मिनिटांचा, पालकांच्या मोबाईलवर, अट एकच, प्रत्येक वाक्य कुठून घेतलं ते वहीत लिहायचं. एका गटाने तारखेसाठी तीन ठिकाणी शोधलं. तुम्ही कोकणात असाल तर शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह आहे, मुंबईत वडाळा आहे, बाबू गेनू आहेत.

नागरिकशास्त्राला तयार ॲनिमेशन मी जवळजवळ वापरत नाही. संसद टीव्हीवरचा लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास चार मिनिटं दाखवतो, तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, कसा विचारतात, पूरक प्रश्न आला की मंत्री काय करतात. नंतर वर्गातच प्रश्नोत्तराचा तास घेतो, गेल्या वर्षी हेडसर मंत्री झाले आणि पाण्याच्या टाकीवर पोरांनी त्यांना चार पूरक प्रश्न विचारले. टाकी पुढच्या आठवड्यात धुतली गेली, खरंच.

बाकी साध्या गोष्टी. व्हिडिओ घरूनच डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणा, वर्गात नेट रुसतं आणि मधे जाहिरात आली की सगळं मुसळ केरात. आधी स्वतः पूर्ण बघा, अगदी दीक्षा ॲपवरचा पुस्तकाच्या क्यूआर कोडचा असला तरी. थांबवायची जागा मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवा. या आठवड्यात दांडीचा दीड मिनिट आवाज बंद करून एकदा लावून बघा आणि मुलांनी काय काय लिहिलं ते इथे नक्की सांगा, मला वाचायचंय.