कॉम्प्रेशनचा आकडा ठरवण्याआधी हेड (सिलेंडरवरचं झाकण) मोजून घे

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलेंडरमधलं मिश्रण पिस्टन किती पट दाबतो तो आकडा, ११:१ करायचाय म्हणतोस. पण रोजच्या वापराची गाडी आहे ना? मग ११:१ चा हट्ट सोड. साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बिनटर्बो इंजिनाला १०:१ च्या आसपास पुरे. कायम ९५ मिळणार असेल तरच १०.५.

सुझुकीचं १२९८ सीसी इंजिन धर: बोअर (सिलेंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५. एका सिलेंडरचे ३२४.७ सीसी. १०:१ साठी पिस्टन वर असताना ३६.१ सीसी जागा उरायला हवी. गॅस्केट (हेडखालचं सील) अर्धा मिमी पातळ केलं की सव्वादोन सीसी जातात आणि तू थेट १०.६ च्या जवळ! म्हणून अंदाजपंचे हेड घासू नकोस. व्हॉल्व्ह बसवून चेंबरवर (हेडमधल्या जळणाच्या पोकळीवर) ग्रीस लावलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ठेव, ब्युरेटने रॉकेल सोड. बुडबुडा राहिला तर माप चुकलंच.

पिस्टन-हेड अंतर १ मिमीच्या खाली नको; जास्त आरपीएमला पिस्टनचा रॉड ताणला जातो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) लावून तपास.

कॅम ‘हॉट’, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा, असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, तेव्हा थोडं जास्त कॉम्प्रेशन चालतं. स्टॉक (कंपनीच्या मूळ) कॅमवर नाही. चढावर चौथ्या गिअरमध्ये डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज (नॉकिंग) आला, तर आधी इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) २ अंश मागे घे.